वरचा ओठ आत

एकाहत्तरच्या वैशाखात नेवाशाला एक लग्न होतं. मुहूर्त दुपारचा, आणि बँडचे मालक आसाराम मास्तर सकाळपासून जानवसघरामागच्या लिंबाखाली येरझाऱ्या घालत होते. काळजी क्लॅरनेटची नव्हती. ते वाजवणाऱ्या भाच्याच्या, बन्सीच्या दातांची होती.

पोळ्याला बैलानं बन्सीचे वरचे चार दात पाडले होते. नगरहून कवळी करून आणली. आज कारभारी नावाचे शेतकरी आपल्या मुलीसाठी, मुक्तासाठी बन्सीला बघायला येणार होते. "पोरात एक खोट दाखवा," असं मास्तर त्यांना बोलून चुकले होते. खोट आता तोंडात होती, आणि सूर चढला की बाहेर यायची.

मास्तर नगरच्या छावणीत, पलटणीच्या बँडमध्ये शिकलेले. खालचा ओठ आत, पण वरचे दात वाद्याच्या चोचीवर, फुंकायच्या टोकावर, टेकलेच पाहिजेत, हा तिथला कायदा. मास्तरांनी तो आजवर सगळ्या चेल्यांना लावला. दात असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही.

"मामा, काढून ठिवू का कवळी?"

"ठिव की. अन् मग कारभाऱ्यांम्होरं हस."

बन्सीनं पुन्हा फुंकलं. कवळी चोचीबरोबर निघाली. मास्तरांनी ती बोटानं आत ढकलली, एक फेरी मारली, परत आले आणि कुणी ऐकत नाही ना बघून पुटपुटले, "वरचा ओठ बी आत घे. दातानं धरूच नगं."

"पन तुमीच म्हनता..."

"मी माझ्या दातांचं म्हनत हुतो."

सूर बारीक निघाला, पण गोड. कवळी जागच्या जागी. मास्तरांनी ढोलवाल्याला दम भरला, "लग्न हाय, दरोडा न्हाई. हळू."

मांडवात बन्सी वाजवू लागला तसे कारभारी थेट पुढ्यात येऊन उभे राहिले. मास्तरांना तेव्हा दिसलं, की दोन्ही ओठ आत घेतलेला तरणाबांड पोरगा हुबेहूब बोळक्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

गत संपली.

"पाव्हनं, आ करा," कारभारी म्हणाले.

बन्सीनं मामांकडं बघितलं. मामा मांडवाचा खांब बघत होते. बन्सीनं आ केला. बाजारात बैल पारखावा तसे कारभारी वाकले.

"वरचं लईच सरळ हायती."

"बैलानं पाडलं व्हतं," बन्सी म्हणाला. "कवळी हाय."

मास्तरांनी डोळे मिटले.

"कुनाकडं केली? माझी जेवताना सुटती." मग कारभाऱ्यांचा चेहरा गंभीर झाला. "पन आमची मुक्ता लई हसवती, पाव्हनं. तवा काय करनार?"

बन्सी मामांकडं वळला. मास्तर ढोलवाल्याकडं वळले आणि ओरडले, "वाजीव! जोरात वाजीव!"