न दमलेला लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. जुना म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी तेलकट, कळकट, जागोजाग ओरखडे पडलेले उभे राहिले असेल. तसे काही मनात आणू नका. माझा रंग शाबूत आहे. माझ्या दाराच्या काचेवर साधा चरासुद्धा नाही. माझे दुःख तेच आहे आणि ते सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

लेथचे काम म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवायचा, त्याला धारदार हत्यार लावायचे आणि हवा तो आकार काढायचा. त्यातून मी संगणकाच्या हुकमाने चालणारा. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडे कुणी पंपाच्या कारखान्यात गेली, कुणी गाड्यांच्या. मला मात्र एका महाविद्यालयाने घेतले. मला वाटले, आपण नशीब काढले बुवा. नुसते राबायचे नाही, पोरांना शिकवायचे.

मला बसवले त्या दिवशी कारखान्याच्या माणसाने माझ्यावर पितळेचे एक प्यादे करून दाखवले. बुद्धिबळातले, करंगळीएवढे. सोनेरी कीस भराभर खाली पडत होता आणि सगळे डोळे विस्फारून बघत होते. प्राचार्यांनी ते प्यादे उचलले आणि आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात नेऊन ठेवले. मित्रांनो, आयुष्यात मी केलेले काम ते एवढेच.

त्याच संध्याकाळी प्राचार्यांनी प्रयोगशाळेच्या मदतनिसाला बोलावून बजावले, "हे मशीन घराच्या किमतीचं आहे. बिघडलं तर तुमच्या पगारातून जाईल." त्या भल्या माणसाने ते मनावर घेतले. पोरे त्यांना चावीकाका म्हणायची, कारण खोलीची चावी त्यांच्या कमरेवरून कधी हललीच नाही. माझ्यावर प्लास्टिकचे आच्छादन चढले. पुढ्यात 'हात लावू नये' अशी पाटी आली. शिकवणारे मास्तर दरवर्षी बदलत आणि त्यातल्या एकालाही मला चालवता येत नव्हते. पण तसे कबूल कोण करणार? पाटीकडे बोट दाखवले की तेही सुटत. पोरे माझ्याभोवती उभी राहून माझ्या भागांची नावे उतरवून घेत आणि घरी जात.

वर्षातून एकदा मात्र माझे आच्छादन निघे. प्रवेशाचे दिवस आले की पालकांना मला दाखवले जाई.

अशाच एका प्रवेशाच्या दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. घाईत मापाची फीत गळ्यातच राहिली होती. मुलीला ती चिंगी म्हणत होती. बरोबर चिंगीचा मामा होता, वेल्डिंगचे काम करणारा. दारातच बहीणभावाची घासाघीस चालली होती.

"ताई, मी काय म्हणतो, दोन वर्षांचा कोर्स करू दे तिला," मामा म्हणाला. "फी निम्मीसुद्धा नाही. बाहेर पडली की लगेच हाताला काम. इथे चार वर्षं घालवायची, वर तुझं शिलाई मशीन विकायचं. आणि पुढचं कुणी पाहिलंय?"

"कोर्स करून ती तुझ्यासारखी उभ्याने राबेल. पदवी असली तर वरची जागा मिळेल, चार माणसं तिला विचारायला येतील."

"माझं काय वाईट चाललंय?"

"ते तुझ्या बायकोला विचार. रोज कंबर तीच शेकते ना तुझी."

मामा हसला. तेवढ्यात प्राचार्यांनी माझ्यावरचे आच्छादन बाजूला केले. "औद्योगिक तंत्रज्ञानाची पदवी म्हणजे काय, तर हे," ते म्हणाले. "कारखान्यात जे आहे, तेच आमच्याकडे."

बाईने माझ्या काचेवरून हळूच हात फिरवला. "नवंकोरं आहे की," ती कौतुकाने म्हणाली. मग थोडी चाचरत तिने विचारले, "चालू करून दाखवता का, सर?"

"अहो ताई, तुमची मुलगी रोज चालवणार आहे. तेव्हा या की बघायला."

बाई ओशाळली. एवढ्या शिकलेल्या माणसाला आणखी काय विचारायचे, असे तिला झाले असावे. चावीकाका आच्छादन घालू लागले तेव्हा तिने आपणहून दुसरे टोक धरले. "माझं मशीनसुद्धा मी असंच झाकते," ती त्यांना म्हणाली. "दिवसभर राबून दमतं बिचारं. कोपरे नीट खोचले की मलाही बरं वाटतं." बाहेर पडताना ती भावाला म्हणाली, "देऊन टाकू मशीन. तो कपड्याच्या दुकानवाला कधीचा मागतोय. चिंगीच्या पहिल्या पगारात परत आणू."

"आई, नक्की ना?" चिंगीने विचारले.

"तू फक्त शीक."

मित्रांनो, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. रोज राबणारे एक मशीन विकले जात होते, आणि ते कशाकडे बघून, तर माझ्याकडे बघून. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो.

चिंगी हुशार निघाली. माझ्या भागांची नावे तिला तोंडपाठ होती, चित्रे ती सुरेख काढायची, परीक्षेत पहिल्या पाचांत असायची. फक्त मी कधी सुरू झालो नाही. शेवटच्या वर्षी एकदा काका माझी धूळ पुसत होते तेव्हा ती आत आली. "काका, एकदा चालू करू? एकदाच."

काकांनी दाराकडे पाहिले. "पोरी, माझी नोकरी जाईल गं."

वीज बंदच होती. तिने माझ्या हिरव्या बटणावर बोट ठेवले आणि दाबले. टक् असा बारीकसा आवाज झाला. तिने पुन्हा दाबले. मग काकांना थँक्यू म्हणून ती निघून गेली. एवढ्यावरच आमची दोघांची ओळख संपली.

पदवी मिळाल्यावर बऱ्याच महिन्यांनी ती प्रमाणपत्र न्यायला आली, आईला घेऊन. तेव्हाही प्रवेशाचे दिवस होते, माझे आच्छादन निघालेले होते. काकांनी विचारले, "काय पोरी, लागली का नोकरी?"

"लागली, पण हेल्पर म्हणून. मुलाखतीत सगळी उत्तरं दिली मी, काका. साहेब खूश होते. मग म्हणाले, मशीन चालवून दाखवा. असंच होतं, याचंच भावंड." तिने माझ्याकडे पाहिले. "हिरवं बटण बरोबर दाबलं. पण हत्यार तुकड्याजवळ किती आणायचं ते हाताला माहीतच नव्हतं. जाऊन आदळलं. माझ्याबरोबर दोन वर्षांचा कोर्स केलेला एक जण होता, त्याला घेतलं. मी आता त्याच्या हाताखाली शिकते."

"शिकलेलं वाया नाही जायचं," काका म्हणाले.

"नाही जायचं. तोही म्हणतो, मी पटकन उचलते. पण पहिल्यापासून शिकतेय ना."

"आणि तुमचं शिलाई मशीन?" काकांनी आईला विचारले.

"आहे ना, त्याच दुकानात आहे," ती म्हणाली. "मी रोज जाते तिथे शिवायला. त्याच मशीनवर बसते. आता ते त्यांचं, आणि मी रोजाने." हे तिने कुणाकुणाला सांगून झाले असावे, इतके सरळ सांगितले.

इतक्यात प्राचार्य एका बापाला आणि त्याच्या मुलीला घेऊन आत आले. "कारखान्यात जे आहे, तेच आमच्याकडे," त्यांनी सुरुवात केली. आई बाजूला झाली. मग त्या बापाच्या जवळ जाऊन हलकेच म्हणाली, "भाऊ, चालू करून दाखवा म्हणावं."

बापाने तसे विचारले. चिंगीची आई शेजारीच उभी होती, प्राचार्यांना टाळता येईना. काकांनी मुख्य स्विच दाबला. माझ्या अंगात वीज आली आणि मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पडदा उजळला. त्यावर एकामागून एक लाल ओळी आल्या. वर्षानुवर्षे बंद राहून माझ्या आतली बॅटरी संपली होती आणि सारी स्मृती पुसली गेली होती. प्यादे कसे करायचे, तेही मला आठवेना. चिंगीने पुढे होऊन हिरवे बटण दाबले. टक् झाले, तेवढेच.

"आम्ही जरा विचार करून येतो," बाप म्हणाला आणि मुलीचा हात धरून निघाला. प्राचार्य समजूत घालत त्याच्यामागे गेले.

चिंगीच्या आईने माझ्या काचेवरून पहिल्यासारखाच हात फिरवला. "अजून नवंकोरं आहे," ती म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात कौतुक नव्हते. मग सवयीने तिने आच्छादनाचे टोक धरले, माझ्यावर ओढले आणि चारही कोपरे एकेक करून नीट खोचले.

ती असे झाकायची ते दिवसभर राबलेल्या मशीनला. मी तर कधी दमलोच नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, असे माझे भाऊबंद तुम्हाला सांगत आले असतील. मला तसे सांगवत नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या कॉलेजात माझ्यासारखा कुणी प्लास्टिकखाली उभा असेल तर त्याचे आच्छादन काढायला लावा, आणि तेही घरातले काही विकण्याच्या आधी. ओरखडे पडू देत, तेल सांडू दे, हत्यार आदळायचे तर इथेच आदळू दे. मला जपू नका. एकदा तरी मला दमवा.