सरजाबाईंनी हात वर केला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने छपाईयंत्र आहे. पायाने चालवायचे, ट्रेडल म्हणतात तसले. माझा जन्म अमृतसरच्या एका ओतशाळेत झाला. १९७९ साली मालगाडीतून येताना पूर्णा जंक्शनवर दोन दिवस पडून होतो. डबे जोडल्याचे, सुटल्याचे आवाज अजून माझ्या झोपेत येतात.

परभणीत, एस.टी. स्टँडजवळ, दत्तरावांनी मला उभे केले. मी लग्नपत्रिका छापू लागलो. दुपारच्या उन्हात कागदाचे कण सोन्यासारखे तरंगत आणि माझे चाक गुंगीत फिरत राही. लोक कौतुकाने बघत. दत्तराव मात्र पुढच्या टेबलावरच बसत. मागे काय चालते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

एकदा पाचशे पत्रिकांवर तारीख चुकली. दत्तराव शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या किशनरावांवर भडकले, "उद्यापासून येऊ नका!"

किशनरावांची मान खाली गेली. कोपऱ्यात पत्रिकांना घड्या घालणाऱ्या सरजाबाई उठल्या. "मालक, त्यांना काढून काय हुणार? चूक मला घडी घालताना दिसती, पण तवर समदं छापून झालेलं असतंय. तुमी हितं बसून बघा की एकदा."

दत्तरावांनी किशनरावांना थांबवून घेतले. दुसऱ्या दिवशी एक खोके ओढून ते माझ्याशेजारी बसले. आठ दिवस बसले. एकेका खिळ्यासाठी किशनराव या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते. चुकलेल्या कागदांची थप्पी दाराआड वाढत होती. नवव्या दिवशी दत्तरावांनी स्वतः खिळ्यांचे कप्पे माझ्याजवळ आणले, सरजाबाईंचे टेबल मला खेटून लावले आणि म्हणाले, "पहिला कागद सरजाबाईंच्या हाती. त्यांनी हात वर केला की मशीन बंद. मला विचारायचं न्हाई."

पुढच्याच महिन्यात राणीसावरगावचे भगवानराव लेकीच्या लग्नाची पत्रिका न्यायला आले. बस सुटायला आली होती आणि ते दारात घाई करत उभे होते. किशनरावांनी पाय मारला, पहिली पत्रिका निघाली.

सरजाबाईंनी हात वर केला.

मी थांबलो. "चालू द्या" हे शब्द दत्तरावांच्या ओठांवर आलेले मी पाहिले. त्यांनी ते गिळले. "काय दिसलं, सरजाबाई?"

"चंद्रभान आबांच्या नावाआधी 'कै.' न्हाई. आबा दिवाळीतच गेले. माझं माहेर तिथलंच हाय."

किशनरावांनी हस्तलिखित उघडले. तिथेही 'कै.' नव्हते. भगवानराव कागदांच्या गठ्ठ्यावर हळूच बसले.

"मीच लिहिलंय ते," ते म्हणाले. "बापाच्या नावाआधी ते लिहायला माझा हातच उठला नसंल."

बाहेर बस निघून गेली. थोड्या वेळाने भगवानरावांनी डोळे पुसले आणि 'घाला' अशी मान हलवली. किशनरावांनी बोटाच्या पेराएवढे दोन खिळे, 'कै' आणि टिंब, कप्प्यातून उचलून जागेवर बसवले. त्यानंतर मी जितके हळू चाललो, तितके पुन्हा कधी चाललो नाही.

गेल्या वर्षी ऑफसेट मशीन आले. आता मी कापडाखाली असतो आणि दिवसाही स्वप्ने बघतो. मित्रांनो, यंत्राचे शाईचे रूळ पुसत चला, तेल घालत चला. आणि उद्या तुम्ही कुणाचे मालक झालात, तर काम चालते तिथे जाऊन बसा. चालत्या यंत्रापाशी कुणी हात वर केला, तर आधी थांबा. बस दुसरी मिळते.