महालिंगप्पांचा माळ

पाडवा झाला की महालिंगप्पांच्या हाताला काडेपेटीची खाज सुटायची. मुरुम गावाजवळच्या त्यांच्या माळावरचं वाळलेलं गवत पेटवून दिलं की पावसाळ्यात गुरांना कोवळा चारा मिळतो, हे ते वडिलांकडून शिकलेले. गावात सगळ्यांची हीच रीत, मग चूक म्हणणार कोण?

याच महालिंगप्पांना एक ध्यास होता. लहानपणी या माळावर त्यांनी माळढोक पक्षी पाहिला होता. कमरेएवढा उंच, मान ताठ, पाटलासारखा डौलात चालणारा! सत्तरी उलटली तरी तो डोळ्यांपुढून हलत नव्हता. मरायच्या आधी एकदा दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून माळाला लागून पक्षी अभयारण्य झालं, तेव्हा सगळ्यांत आधी तेच हरखले. दर आठवड्याला तिथल्या निसर्ग केंद्रात जाऊन ते चन्नम्माकडे माळढोकाची चौकशी करत. शाळेच्या मुलांना पक्षी ओळखायला शिकवणारी ही बाई दर वेळी नुसती नकारार्थी मान हलवायची.

यंदाही तसंच झालं. निघताना मात्र, उद्या माळ पेटवणार असल्याचं ते सहज बोलून गेले. चन्नम्मा त्यांना तशीच त्यांच्या माळावर घेऊन गेली आणि एका जागी तिनं हातानं गवत बाजूला केलं. आत चंडोलाची तीन पिल्लं चोची वासून बसली होती.

"अप्पा, माळढोकबी असंच भुईवर अंडं घालतो," ती म्हणाली.

हे महालिंगप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते ठाऊक असणं आणि हातातली काडेपेटी यांची गाठ आजवर कधी पडली नव्हती. ते वाकून पिल्लांकडे बघत म्हणाले,

"म्हंजी म्याच त्याला..."

"तुमी एकट्यानं न्हाय, समद्यांनीच. पर तुमी त्याची लई वाट बघता, आन त्याला उतरायला जागाच ठिवत न्हाय."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. साठ वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटला, त्याचं घर आपणच दरसाल जाळत आलो!

यंदा माळ पेटला नाही. पिल्लं उडून गेल्यावर महालिंगप्पांनी गवत विळ्यानं कापलं, एक पट्टा तसाच उभा ठेवला, आणि पारावर बसून इतरांनाही चार गोष्टी सुनावल्या. माळढोक काही आला नाही. त्यांच्या हयातीत येईल, असंही कुणी सांगू शकत नाही. तरी रोज संध्याकाळी ते त्या उभ्या गवताकडे बघत बसतात.

वाचकहो, गेलेल्यासाठी हळहळणं सोपं असतं, त्याच्यासाठी आपली रीत सोडणं अवघड. आपल्या बांधाला काडी लावण्याआधी निदान एकदा वाकून पाहू या. तिथं कुणाचं तरी घर असतं.