बाद खोकं

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासनीस. एकवीस वर्षं उजेडासमोर काच धरून तडे शोधले. कारखान्याचा नियम साधा: खोक्यात एक बाटली तडकलेली निघाली की अख्खं खोकं बाद. बाकीच्या बघत कोण बसतो!

म्हणूनच कॅन्सरमुळे डावा स्तन काढून झाल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "उजवाही काढा." बाईंनी दोनदा समजावलं. उजवा धडधाकट आहे, घराण्यात हा रोग नाही, तिथे नव्याने होण्याची शक्यता कमी. काढून आयुष्य वाढेलच असंही नाही. दरवर्षी तपासू की! हिच्या डोक्यात तेवढंच शिरलं, दरवर्षी. म्हणजे दरवर्षी जीव मुठीत धरून दवाखान्याच्या त्या बाकावर बसायचं? आंघोळ करताना उजवीकडे हात लावायचीसुद्धा धास्ती. ऑपरेशनच्या संमतीचा कागद सही करून उद्या द्यायचा होता.

नणंद त्याच कारखान्यात पॅकिंगला. तोंडाची अशी फटकळ, की सगळे तिला तोफ म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तोफेने एक बाद खोकं आणून तिच्यापुढे आदळलं.

"वहिनी, यातली फुटकी किती? एक! सुक्याबरोबर ओलंही जाळायचं, हे कसलं शहाणपण?" आणि एकेक बाटली उजेडाला धरून ती मोजायला लागली. "ही धड. ही पण धड."

सतराव्या बाटलीला तिचा हात अडखळला. बाटली गुपचूप एप्रनच्या खिशात गेली आणि आवाज अजूनच चढला. "बघ, बाकी सगळ्या धड!"

पण एकवीस वर्षांची नजर ती. बुडाशी केसाएवढा तडा तिला समोरून दिसला होता.

"खिशातली दे इकडे."

तोफेचा चेहरा खर्रकन उतरला. "काय डोळे आहेत बाई तुझे!"

"तुलाही भीती वाटते ना गं?"

"वाटते तर! परत त्या ऑपरेशनच्या टेबलावर गेलीस आणि उठलीच नाहीस तर?" तोफ ढसाढसा रडायला लागली.

तिने नणंदेला जवळ घेतलं. बाटली वेगळी, अंग वेगळं, एवढं तिलाही कळत होतं.

"माझ्या नजरेतूनही तडकलेल्या सुटल्यात गं," ती म्हणाली. "एकवीस वर्षांत किती, देव जाणे. दरवर्षी कुणाच्या तरी नजरेवर जगायचं, नाही जमणार मला."

तिने कागद काढला. बाद खोक्यावर ठेवून सही केली. तोफेने नाक पुसलं आणि साक्षीदाराच्या जागी नाव लिहिलं.

"उठली नाहीस ना, तर बघच," ती म्हणाली.