लोकस्टवरचं मचाण

ओढ्याच्या त्या वळणावर मचाण बांधायचं तर काटेरी झाडाशिवाय दुसरं झाड नव्हतं. गव्हाच्या शेताकडून उतरणारी वाट आणि ओढा ओलांडून येणारी वाट, हरणांच्या या दोन्ही वाटा तिथे एकमेकींना मिळत, आणि नेमकी त्या नाक्यावर लोकस्टची झाडं उभी होती. लोकस्ट म्हणजे आमच्या कॅन्ससची बाभूळच म्हणा. फक्त तिचे काटे फांदीवर थांबत नाहीत, थेट खोडातून फुटतात. वीतभर लांब, एकेकाला दोन-तीन फाटे, आणि झुबक्याच्या झुबक्यांनी. पण पानगळीत तिच्या तपकिरी शेंगा खाली पडायला लागल्या की हरणं दुसरीकडे बघत नाहीत. शेंगेतला गर गोड असतो.

वर्लिन स्ट्राउड त्या झाडावरून कित्येक वर्षं धनुष्याने शिकार करत आला होता. साठी ओलांडलेला, अंगाने बारीक, गावाच्या धान्यकोठारावर नोकरीला. गव्हाचे ट्रक वजनाला उभे राहिले की खिडकीतून हात दाखवायचा, एवढंच बहुतेकांना त्याचं माहीत होतं. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर तिचं करण्यात दिवस गेले, आणि ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. बोलायची जागा म्हणजे ते झाड, आणि बोलायला माणूस हॉलिस मॅकी.

लोकस्टवर मचाण बांधणं एकट्याचं काम नाही. उन्हाळा सरता सरता दोघं तिथे जायचे. एकाने कमरेला पट्टा बांधून वर चढायचं, करवतीने एकेक झुबका कापत जायचं. दुसऱ्याने खाली दोर धरायचा आणि पडलेले काटे दाताळ्याने ओढून बाजूला करायचे, कारण तो काटा जाड बुटाच्या तळातूनही आरपार जातो. वर चढलेल्याला झाडाची पलीकडची बाजू दिसत नाही. ती खालच्याने गोल फिरून बघायची आणि ओरडून सांगायची.

"डाव्या गुडघ्यामागे एक आहे बघ," हॉलिस म्हणायचा. "आणि बुडाखाली दुसरा. तो लागला तर मी काढणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

दोन वर्षांपूर्वी हॉलिसची छाती बिघडली. ॲरिझोनातल्या मुलीने त्याला तिकडच्या कोरड्या हवेत नेलं. सुरुवातीला रविवारी फोन यायचे, मग सणावारी, मग तेही राहिले. भांडण काही नव्हतं. हॉलिसला बोलताना धाप लागायची आणि वर्लिनला फोनवर काय बोलावं ते कधीच सुचायचं नाही.

त्या साली सप्टेंबरात वर्लिन करवत घेऊन निघाला, तेव्हा फाटकाशी आर्डिस पेनर उभी होती. ती कुरणं तिचीच. पंचाहत्तरी गाठलेली विधवा बाई, पण गाईगुरांचं सगळं अजून स्वतः बघायची.

"थांब जरा, वर्लिन. तुझ्याकडेच काम होतं."

त्याने पिकअपची काच खाली केली. "बोला, पेनरबाई."

"काट्याने ट्रॅक्टरचं चाक पुन्हा बसलं. एक गाय लंगडतेय ती वेगळीच. जानेवारीत जमीन गोठली की यंत्रवाल्याला बोलावलंय. ओढ्याकाठची सगळी काटेरी झाडं मुळासकट काढायची."

"सगळी?"

"एक जरी ठेवलं तरी गाई शेंगा खाणार आणि कुरणभर बी टाकत फिरणार. हे मी तुला सांगायला हवं का?"

"नाही. माहीत आहे मला."

"हा मोसम तुझा. पुढच्या साली दुसरीकडे बघ कुठेतरी." ती जरा थांबली. मागे पडलेली करवत तिने पाहिली होती. "हॉलिस गेल्यापासून एकटाच चढतोस?"

"एकटाच."

"पडलास तर?"

"पट्टा असतो ना कमरेला."

"पट्टा माणसाला लटकवून ठेवतो, वर्लिन. फोन करत नाही कुणाला."

यावर तो नुसता हसला आणि फाटकातून आत गेला.

दिवसभर तो झाडावर होता. खोडाला पायऱ्या आवळायच्या, चढायचं, कापायचं, उतरायचं, गोल फिरून बघायचं, पुन्हा चढायचं. दोन माणसांचं काम एकाने केलं की दुप्पट वेळ लागतो असं वाटतं, पण वेळ त्याहून जास्त लागतो आणि काम तरी अर्धवटच राहतं. संध्याकाळी हातमोजे भोकाभोकांचे झाले होते, एका मनगटावर ओरखड्याची रेघ सुजली होती. त्याने मचाण बसवून घेतलं, खालचे काटे ओढून ढीग केला आणि घरी जाऊन मनगट मिठाच्या पाण्यात धरून बसला. खोडाच्या मागच्या बाजूला एक काटा अर्धा तुटून राहिला होता. बोटभर लांब, काळपट, खोडाच्याच रंगाचा. तो त्याला दिसला नाही.

नोव्हेंबरात नर माजावर येतात आणि भर दिवसाही हिंडतात. त्या शनिवारी वर्लिन उजाडायच्या आधीच मचाणावर जाऊन बसला. गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं. दोराने धनुष्य वर ओढून घेतलं, पट्टा खोडाला अडकवला आणि हात काखेत घालून तो वाट बघत राहिला.

मचाणावर माणूस एकटा असतो ते वेगळंच. घरातल्यासारखं ते अंगावर येत नाही, कारण तिथे एकटं असणं हेच काम असतं. एक खार खालच्या पाचोळ्यात हरणापेक्षा मोठा आवाज करत होती. सूर्य वर आला तसा शेताकडचा बांध तांबूस झाला. दोन माद्या आल्या, शेंगा दातांनी फोडायला लागल्या. तो टकटक आवाज त्याला वरपर्यंत ऐकू येत होता. मग एकीने मान उचलून मागे पाहिलं, आणि तिच्या नजरेच्या रोखाने ओढ्यातून नर वर चढला.

असा नर त्याने त्या खोऱ्यात पाहिला नव्हता. मान फुगलेली, शिंगांची कमान मनगटाएवढी जाड. तो झाडाच्या मागच्या बाजूने येत होता. बाण सोडायचा तर वर्लिनला जागच्या जागी वळून, एक गुडघा खोडाला टेकवून वाकावं लागणार होतं. तो अलगद उठला, वळला, दोरी ओढली, आणि आधारासाठी डावा गुडघा खोडावर दाबला.

काटा गुडघ्याच्या वाटीखालून आत गेला. आधी नुसतं गार काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, मग कळ मांडीपर्यंत चढली. त्याने आवाज केला नाही. दोरी ताणलेलीच होती, नर खाली आडवा उभा होता, श्वासाची वाफ सोडत. यापेक्षा चांगला नेम आयुष्यात मिळणार नव्हता. पण पाय थरथरत होता, पायामुळे खांदा, आणि खांद्यामुळे बाणाचं टोक नराच्या छातीवरून पोटाकडे सरकत होतं. पोटात बाण घेतलेलं हरीण दिवसदिवस मरत पडतं. वर्लिनने दोरी हळूहळू सैल सोडली. तेवढ्या हालचालीने माद्या उधळल्या, आणि त्यांच्या मागे नरही गेला.

मग त्याने गुडघा खोडापासून ओढला. काटा मोडल्याचा बारीक आवाज आला.

खाली उतरायला पायऱ्या होत्या, पण डावा पाय वाकत नव्हता. त्याने धनुष्य दोराने खाली सोडलं आणि बराच वेळ तसाच पट्ट्यावर भार टाकून बसून राहिला. फोन पिकअपमध्ये होता. इथे असता तरी ओढ्यात तो लागत नव्हता. आज आपण उतरलो नाही तर कुणाला कधी कळेल, याचा त्याने विचार केला. रविवारी कुणालाच नाही. सोमवारी कोठाराच्या खिडकीत आपण दिसणार नाही, तेव्हा ट्रकवाले भोंगा वाजवतील. साहेब म्हणेल, वर्लिनला बरं नसेल. मंगळवारी कदाचित कुणी घरी चक्कर मारेल. एवढा साधा हिशेब होता, आणि तो मनातल्या मनात मांडताना त्याला काट्यापेक्षा हिशेबाचीच जास्त भीती वाटली.

उजव्या पायाने एकेक पायरी, प्रत्येक पायरीला पट्टा सोडवून खाली अडकवायचा. जमिनीवर पाय टेकले तेव्हा अंगातला सदरा थंडीतही घामाने भिजला होता. धनुष्याची काठी करून तो पिकअपपर्यंत गेला.

घरी त्याने पकडीने दिसला तेवढा काटा उपटला आणि सगळा निघाला असं समजला. गुरुवारी गुडघा खरबुजाएवढा झाला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की टोक सांध्यात राहिलंय, एक्स-रेत लाकूड दिसत नाही पण आत आहे ते नक्की, उघडून धुवावं लागेल.

"उद्या सकाळी या," परिचारिका म्हणाली. "गुंगीचं औषध देणार, त्यामुळे न्यायला कुणीतरी हवं. रात्री सोबतही लागेल. कोण येणार आहे?"

"मी गाडी भाड्याने करीन."

"तसं चालत नाही हो. ओळखीचं माणूस लागतं. बायको, भाऊ, शेजारी, कुणीही चालेल."

"बघतो," वर्लिन म्हणाला.

बाहेर पिकअपमध्ये बसून त्याने फोन हातात घेतला आणि आधी हॉलिसलाच लावला. मुलीने उचलला, मग हॉलिस आला. मागे कसल्यातरी यंत्राची सूं-सूं चालू होती.

"गुडघ्यात घुसवून घेतलास ना?" सगळं ऐकून हॉलिस म्हणाला. "मागची बाजू बघितली नाहीस."

"बघितली होती. दिसला नाही."

"मी असतो तर दिसला असता."

"हो. दिसला असता."

हॉलिस धापा टाकत म्हणाला, "मी आलो असतो रे न्यायला."

"ठाऊक आहे."

"आर्डिसला विचार."

"तिला कशाला त्रास? आधीच तिच्या जमिनीवर फुकट शिकार करतोय."

"वर्लिन, तुझ्याकडे दुसरं नाव आहे का?"

दुसरं नाव नव्हतं. तो तिच्या दारात गेला तेव्हा ती गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडून परतत होती. त्याने टोपी काढली आणि काम सांगितलं. लहानपणी कुणाकडे काही मागायला पाठवलं की बोलायचा, तसाच जमिनीकडे बघत बोलला.

"किती वाजता?" तिने एवढंच विचारलं.

शस्त्रक्रियेनंतर तिने त्याला आपल्या जुन्या मोटारीत मागे आडवा निजवून त्याच्या घरी आणलं. गुंगीत तो बराच वेळ काहीतरी बडबडत होता. शुद्धीवर आला तेव्हा आर्डिस स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती.

"दुसरी खुर्ची कुठाय या घरात?"

"गोठ्यात आहे. तिच्यावर रंगाचे डबे ठेवलेत."

"आणि पाहुणा आला की?"

ती गोठ्यात जाऊन खुर्ची घेऊन आली, पुसली, टेबलाशी ठेवली आणि तिच्यावर बसून त्याच्यासमोर शेवयांचं कोंबडीचं सूप ठेवलं. दोघांनी ते संपवलं.

"बडबडलो का मी काही?" त्याने शेवटी विचारलं.

"सोमवारी मी दिसलो नाही तर भोंगा वाजवा म्हणत होतास. कुणाला सांगत होतास कुणास ठाऊक."

ती भांडी उचलत म्हणाली, "आमचे हे गेले तेव्हा मी महिनाभर रेडिओ बंद केला नाही. झोपतानासुद्धा नाही. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. भाव सांगायचे ते, डुकरांचे, सोयाबीनचे. मी ऐकत पडायची." आणि मग, आवाज न बदलता, "झाडं मात्र जाणार, वर्लिन. सूप दिलं म्हणून त्यात बदल नाही."

"मी कुठे काही म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण म्हणशील असं वाटलं."

रात्रभर ती बैठकीच्या खोलीत आरामखुर्चीत कोट पांघरून झोपली. सकाळी तो उठला तेव्हा ती गुरांना चारा घालायला निघून गेली होती. चुलीवर कॉफी गरम होती.

जानेवारीत यंत्र आलं. वर्लिन काठी टेकत बघायला गेला. मचाण त्याने आदल्या आठवड्यात एका ट्रकवाल्याकडून उतरवून घेतलं होतं. पुन्हा चढू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. यंत्रवाल्याने झाडाच्या बाजूने घुसून मुळं उचकटली, झाड आडवं पडलं, काटे एकमेकांत अडकून कडकड मोडले. आर्डिस फाटकाशी उभी होती. तिने वर्लिनकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहू नये असंच त्याला वाटत होतं. दुपारपर्यंत वळणावर नुसते खड्डे राहिले, आणि ओढ्यापलीकडचं कुणाचंतरी घर तिथून पहिल्यांदाच दिसायला लागलं.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी आर्डिस एखाद्या कामाला त्याला बोलवायची. पंप, कुंपणाची तार, असलं काहीतरी. एकदा तिने चर्चला चल म्हटलं, तो नको म्हणाला, पुन्हा तिने विचारलं नाही. हॉलिस वारल्याचा फोन मार्चमध्ये त्याच्या मुलीने केला. वर्लिन जाऊ शकला नाही. तिकडेच सगळं आटोपलं होतं.

पुढच्या पानगळीत मोसम सुरू झाला तेव्हा त्याने परवाना काढला, पण धनुष्य काढलं नाही असे बरेच दिवस गेले. मग नोव्हेंबरात एका सकाळी तो उठून ओढ्यावर गेला आणि खड्ड्यापासून थोड्या अंतरावर एका देवदाराच्या झुडपाला पाठ लावून जमिनीवर बसला. धनुष्य मांडीवर आडवं. इतकी वर्षं त्याने हरणं वरूनच पाहिली होती. वरून दिसते ती पाठ, खांदे, कानांची हालचाल. त्या दिवशी एक मादी वाटेवरून सरळ चालत आली आणि थोड्या अंतरावर थबकली. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्याच उंचीवर होते. पापण्यांचे लांब केस दिसत होते, नाकपुडीशी ओल चमकत होती. तिने त्याला नीट पाहिलं. तो माणूस आहे की खुंट, हे तिला ठरवता येत नव्हतं बहुतेक. त्याने हात हलवला नाही. दोरीला बोटही लावलं नाही.

वारा फिरला तशी ती वळली आणि उड्या न मारता, चालतच ओढ्यात उतरली.

वर्लिन आणखी थोडा वेळ बसून राहिला. मग उठायला गेला तर गुडघा धरला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, देवदाराची एक फांदी दोन्ही हातांनी पकडली, तिच्यावर भार टाकून पाहिला. ती टिकेल असं वाटल्यावर हळूहळू उभा राहिला.