क्लिफर्डचं लायसन्स

दचकू नका, या कोपऱ्यातून मीच बोलतोय. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या हॅटर्सली नवरा-बायकोच्या बैठकीतला जुना, जाडजूड टीव्ही. कारखान्यातून आलो तेव्हा क्लिफर्डने मला दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि त्याच दिवशी माझं लायसन्स, म्हणजे टीव्ही बघायला इथे लागणारा सरकारी परवाना, काढलं. "या घरात चोरून काही बघायचं नाही," असा त्याचा खाक्या होता.

तो वारला आणि त्याच्या बायकोने, मेव्हिसने, माझी अँटेनाची वायर काढून टाकली. लायसन्सही बंद केलं. रोज चहाच्या वेळी ती एकच व्हिडिओ टेप लावायची. समुद्रकिनारा, सीगल पक्षी आणि हसणारा क्लिफर्ड. म्हातारी बघायची, आणि मला गलबलून यायचं.

एका दुपारी टेप लावायच्या मशीनने ती टेपच खाल्ली. मेव्हिस ढसाढसा रडली. पण देवाशपथ सांगतो, माझ्या काचेवरचा किनारा गेला नाही. क्लिफर्ड वळला आणि म्हणाला, "मेव्हिस, स्वेटरचं बटण तुटलंय की गं." तो स्वेटर तिने त्याच सकाळी पहिल्यांदा घातला होता.

तेव्हापासून दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. ते चित्र कुठून येतं, मला आजही ठाऊक नाही.

मग लायसन्स तपासणारा तरुण दारात आला. मेव्हिस माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला उचलून नेलं तर क्लिफर्डही जाईल, एवढंच तिच्या मनात होतं.

"घाबरू नका हो बाई," तो म्हणाला. "नुसता टीव्ही ठेवला तर लायसन्स लागत नाही. जुन्या टेपा बघा खुशाल. चॅनलवर थेट चालू असलेलं त्याच वेळी बघितलं, तरच लागतं."

"मी टेपच बघते रे बाळा," मेव्हिस पुटपुटली.

त्याने माझ्यामागे डोकावून बघितलं. वायर नव्हती. मान हलवून तो निघाला, इतक्यात माझ्यातून आवाज आला.

"खोटं कशाला बोलतेस गं? आणि पोरा, दार लाव. तिला थंडी वाजतेय."

पोराने घाबरून दार लावलं. मेव्हिसने डोळे पुसले. "थेटच आहे रे," ती म्हणाली. "काढ माझं लायसन्स."

त्यानंतरचा हिवाळा तिने माझ्यासमोर सुखात काढला. एका सकाळी खुर्चीत ती होती, पण डोळे मिटलेले होते. माझ्या काचेवर मात्र किनाऱ्यावर दोघं उभी होती.

आता इथे नवी भाडेकरीण आहे. ती जुने सिनेमे लावते आणि मैत्रिणींना ऐटीत सांगते, "मला कसलं लायसन्स!" कायद्याने तिचं बरोबरच आहे.

पण पोरी, एक विनवणी आहे. सिनेमा संपला की मला लगेच बंद करत जा. काल तू तशीच झोपलीस, आणि मेव्हिस काचेजवळ येऊन तुझ्याकडे कितीतरी वेळ बघत होती.

"ऊठ गं बाळा," ती म्हणत होती. "हे थेट आहे, आत्ताचं."