आतून कोरी पेटी

माझ्या नवऱ्याला लाकूड दिसलं की पॉलिशचा हात मारल्याशिवाय चैन पडत नाही. फर्निचरवाला माणूस, त्याला कोण शिकवणार! बाबांच्या वाढदिवसाला त्याने स्वतःच्या हाताने सिगारची पेटी बनवली आणि मला न दाखवताच कागदात गुंडाळून टाकली.

माझे बाबा सिगार ओढतात कमी, मुरवतात जास्त. कोरड पडली की सिगार तडकते, ओल वाढली की बुरशी धरते, म्हणून तिला बेताच्या दमट पेटीत वर्षानुवर्षं ठेवायचं. लहानपणी मला ताप आला तर थर्मामीटर आईने बघायचा. पेटीतला ओलाव्याचा काटा मात्र बाबा स्वतः बघायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी बाबांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. नवरा भेटला की "अहो, बसा" म्हणायचे आणि पेपरात तोंड खुपसायचे. या पेटीने तरी म्हातारा विरघळेल, अशी आमची आशा.

बाबांनी झाकण उघडलं. पेटी आतूनही आरशासारखी लखलखत होती. त्यांनी आत नाक घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

"आतूनही पॉलिश?"

"तीन हात मारलेत," नवरा अभिमानाने म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. आतलं लाकूड कोरंच हवं, ते ओल पितं आणि हळूहळू सोडतं. पॉलिश केलं की लाकडाचं तोंड बंद, वर सिगारला वास वॉर्निशचा. हे मला पाठ होतं, पण मला विचारतो कोण!

मी सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. "आत्ता घासून काढतो," म्हणत त्याने खिशातून सँडपेपर काढला. सासऱ्याच्या वाढदिवसाला सँडपेपर घेऊन आलेला जावई! आईला हसू आवरेना.

"द्या इकडे," म्हणून बाबांनी तो हिसकावला, बाल्कनीत बसले आणि आडवंतिडवं घासू लागले.

"अहो, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा!" नवरा ओरडला. बाबांवर ओरडलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

बाबांनी निमूटपणे हात वळवला.

संध्याकाळपर्यंत दोघं भुशाने माखले. एक सिगारचं पुराण सांगत होता, दुसरा लाकडाचं, आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. शेवटी नवरा म्हणाला, "ओल प्यायल्यावर झाकण फुगेल, रंधा मारावा लागेल. काही दिवस पेटी ओलाव्याच्या काट्यासकट माझ्या कारखान्यात राहू दे." कारखाना म्हणजे आमच्या घरातली मागची खोली.

"पेटी माझी आणि मी बघायची नाही?" बाबा गुरगुरले.

या बघायला, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. नाही म्हणाले असते तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात बाबा! "काटा किती दाखवतोय?" एवढंच विचारून ते सबंध घर ओलांडत मागच्या खोलीत शिरले. थोड्याच वेळात तिथून भांडण ऐकू यायला लागलं. मी धावले.

बाबा बनियनवर उभे होते, हातात इस्त्रीचा शर्ट.

"अरे, एक खुंटी ठोक इथे," ते नवऱ्याला म्हणाले. "रोज यायचं म्हणजे शर्ट अडकवायला जागा नको का मला?"

नवऱ्याने हातोडी उचलली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच भोकाड पसरलं.